तुमचं म्युझिक सॉफ्टवेअर उद्या विकलं गेलं, तर तुमच्या गाण्यांचं काय?

लोकलच्या गर्दीत इअरफोन सांभाळत ऐकणं जमलं नसेल, तर हा भाग इथे वाचा. एपिसोडमध्ये जे बोलले तेच आहे, फक्त माझे 'अं' आणि 'ॲक्च्युअली' कमी केलेत.

आजचा विषय तुमच्या फोनमध्येच आहे. आयफोन असेल तर त्यात गॅरेजबँड आहे, किंवा फुकटात टाकता येतं. अँड्रॉइड असेल तर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बँडलॅब टाकलेलं असणार. कॉलेजच्या गॅदरिंगचं रॅप, गणपतीचं गाणं, रीलचा बीट, सगळं त्यावर. या दोन्ही ॲप्सच्या गोष्टीत एकेक छोटी कंपनी आहे, जी मोठ्या कंपनीनं विकत घेतली. एकीच्या बाबतीत चांगलं झालं, पण सगळ्यांसाठी नाही. दुसरी तर आधी मेली आणि मग परत उठली.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, म्युझिशियन नाही. हार्मोनियमच्या दोन परीक्षा दिल्यात, तेवढंच. त्यामुळे आज बोलायचंय ते सॉफ्टवेअरच्या बाजूनं: या छोट्या कंपन्या विकल्या का जातात, विकल्यावर आत नेमकं काय होतं, आणि तुम्ही केलेली गाणी त्यातून वाचवायची कशी.

आधी एक शब्द. गाणं रेकॉर्ड करायचं, कापायचं, जोडायचं, मिक्स करायचं, हे सगळं ज्या एका सॉफ्टवेअरमध्ये होतं त्याला डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन म्हणतात. स्टुडिओतली मंडळी नुसतं 'डॉ' म्हणतात. गॅरेजबँड, बँडलॅब, एफएल स्टुडिओ, क्यूबेस, लॉजिक हे सगळे डॉच.

पहिली गोष्ट: विंडोजवाले रस्त्यावर

जर्मनीत इमॅजिक नावाची कंपनी होती. गेरहार्ड लेंगेलिंग आणि ख्रिस ॲडम हे तिचे लोक. त्याआधी ते सी-लॅब नावानं अटारी कॉम्प्युटरसाठी 'क्रिएटर' आणि 'नोटेटर' अशी सॉफ्टवेअर करायचे. इमॅजिकचं सॉफ्टवेअर म्हणजे लॉजिक. ते मॅकवर चालायचं आणि विंडोजवरही.

१ जुलै २००२ ला ॲपलनं इमॅजिक विकत घेतल्याचं जाहीर केलं. त्याच घोषणेत सांगून टाकलं की विंडोजची आवृत्ती ३० सप्टेंबरला बंद. म्हणजे तीन महिने! इमॅजिकची ६५ टक्क्यांहून जास्त कमाई मॅकवरून येते, असं ॲपलनं तेव्हा सांगितलं होतं. ते खरंच असणार. पण मग उरलेला साधारण एक तृतीयांश धंदा ज्यांच्यावर चालत होता, त्या लोकांसमोर दोनच पर्याय उरले: मॅक घ्या, नाहीतर दुसरं सॉफ्टवेअर शिका.

आता दुसरी बाजू. लेंगेलिंग ॲपलमध्ये गेले आणि त्यांच्याच टीमनं गॅरेजबँड केलं. ते जानेवारी २००४ मध्ये आलं. २०११ मध्ये ते आयपॅडवर आलं आणि मग आयफोनवर. लॉजिक प्रो २००४ मध्ये ९९९ डॉलरला मिळायचं, २०११ च्या शेवटी ते १९९.९९ डॉलरवर आलं. ज्या सॉफ्टवेअरसाठी पूर्वी कर्ज काढावं लागलं असतं, त्याचा धाकटा भाऊ आज कुणाच्याही खिशात फुकट पडलेला असतो.

मग ॲपल चांगलं की वाईट? माझं मत असं की हा प्रश्नच नीट विचारलेला नाही. ॲपलचा धंदा मशीन विकण्याचा आहे. लॉजिक चांगलं आणि स्वस्त असलं की मॅक खपतात. त्यामुळे त्यांनी लॉजिक जपलं. आणि विंडोजवर लॉजिक चालत राहिलं तर मॅक खपत नाहीत, म्हणून ते मारलं. दोन्ही निर्णय एकाच हिशोबातून आले. छोटी कंपनी विकली गेल्याची बातमी वाचली की पहिला प्रश्न हा विचारायचा: घेणाऱ्याचं पोट नक्की कशावर भरतं? हा प्रश्न लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

छोटे लोक विकतात तरी का?

कमेंटमध्ये लोक लगेच लिहितात, 'पैशासाठी विकला.' पैसा असतोच. पण कोड लिहिणाऱ्या माणसाला विचारा, तो दुसरं कारण सांगेल: थकवा.

म्युझिक सॉफ्टवेअर एकदा लिहिलं आणि झालं, असं नसतं. खालची जमीन सतत हलत असते. ॲपलनं २००६ मध्ये मॅक पॉवरपीसी चिपवरून इंटेलवर नेला, आणि २०२० मध्ये इंटेलवरून स्वतःच्या चिपवर. प्रत्येक वेळी सगळ्यांनी आपापला कोड परत बांधायचा. २०१७ मध्ये आयओएस ११ आलं आणि ३२ बिटची जुनी ॲप्स चालायचीच बंद झाली. अँड्रॉइडवर दर काही काळानं ॲप नव्या नियमांप्रमाणे अपडेट केलं नाही, तर प्ले स्टोअर ते नव्या फोनवाल्यांना दाखवतच नाही.

यातल्या एकाही कामातून नवं फीचर मिळत नाही. आहे तिथेच टिकून राहण्यासाठी पळायचं. पन्नास जणांच्या कंपनीला हे झेपतं. दोन जणांच्या कंपनीत एक जण कोड लिहितो, दुसरा ग्राहकांच्या ईमेलना उत्तरं देतो, आणि घरी लहान मूल आजारी पडलं की दोन्ही थांबतं. दहा-पंधरा वर्षांनी कुणी येऊन म्हणालं, 'तुमचं सगळं आम्ही घेतो, तुम्हाला पगार देतो,' तर हो म्हणणाऱ्याला मी तरी नावं ठेवणार नाही.

आणि घेणारा काय विकत घेतो? चार गोष्टी. कोड, नाव, ग्राहकांची यादी आणि माणसं. कधी चारही हव्या असतात. कधी फक्त माणसं हवी असतात, आणि सॉफ्टवेअर फुकट सोबत येतं. असं झालं की त्या सॉफ्टवेअरचे दिवस भरले म्हणून समजा.

मी हे एकदा आतून बघितलंय. माझी दुसरी नोकरी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत होती. म्युझिकशी संबंध नव्हता, पण प्रकार तोच. आम्हाला एका मोठ्या कंपनीनं घेतलं. पहिल्या दिवशी केक कापला आणि 'काहीही बदलणार नाही' असं सांगितलं. सहा महिन्यांत अर्धी टीम त्यांच्या दुसऱ्या प्रॉडक्टवर गेली. आमचं जुनं प्रॉडक्ट बंद करा असं कुणीच, कधीच म्हणालं नाही. फक्त त्यावर काम करायला माणूस उरला नाही. बाहेरच्यांना वाटतं की कुठल्यातरी मीटिंगमध्ये निर्णय झाला असेल. बऱ्याचदा असा निर्णय होतच नाही, झाडाला पाणी घालायचं तेवढं थांबतं.

दुसरी गोष्ट: माणसं उठून गेली

सिबेलियस हे नोटेशनचं सॉफ्टवेअर. म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीची स्वरलिपी लिहायचं, छापायचं. इंग्लंडमधल्या बेन आणि जोनाथन फिन या जुळ्या भावांनी ते सुरू केलं आणि १९९३ मध्ये ते बाजारात आलं. संगीतकार, ऑर्केस्ट्रा, शाळा, सगळीकडे पोचलं.

ऑगस्ट २००६ मध्ये ते ॲव्हिडनं विकत घेतलं. ॲव्हिड म्हणजे फिल्म एडिटिंगवाली मोठी कंपनी, प्रो टूल्सही त्यांचंच. आता आपला प्रश्न विचारा: ॲव्हिडचं पोट कशावर? व्हिडिओ आणि मोठे स्टुडिओ. २०१२ मध्ये ॲव्हिडनं खर्च कमी करायला घेतला. एम-ऑडिओ हा भाग विकला, आणि सिबेलियसचं लंडनचं ऑफिस बंद केलं. सॉफ्टवेअर विकत राहिले, ते आजही मिळतं. पण ज्यांनी ते वर्षानुवर्षं बांधलं होतं, ती माणसं बाहेर पडली.

इथे गोष्टीला वळण मिळालं. स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीनं त्या टीमला उचललं. डॅनियल स्प्रेडबरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोऱ्या पाटीवर नवं सॉफ्टवेअर लिहिलं: डॉरिको, ऑक्टोबर २०१६ मध्ये आलं.

पण स्टाइनबर्ग तरी स्वतंत्र आहे का? नाही! १९८४ मध्ये हॅम्बुर्गला सुरू झालेली ही कंपनी २००३ मध्ये पिनॅकलनं घेतली आणि त्यानंतर दोनच वर्षांत ती यामाहाकडे गेली. यामाहा पियानो, कीबोर्ड, गिटार विकते. संगीत हाच तिचा धंदा. म्हणून तिथे डॉरिकोसारख्या प्रयोगाला सवड मिळाली, असं मला वाटतं. त्यामुळे 'मोठी कंपनी म्हणजे वाईट' असा सरसकट निकाल मला देता येत नाही. आणि ॲव्हिडचं पुढे काय? २०२३ मध्ये एसटीजी नावाच्या गुंतवणूक कंपनीनं ॲव्हिडच विकत घेतली. मोठ्या माशालाही मोठा मासा असतोच.

तिसरी गोष्ट: 'लाइफटाइम' म्हणजे कुणाचा लाइफटाइम?

केकवॉक १९८७ पासूनचं. अमेरिकेत ग्रेग हेंडरशॉट यांनी सुरू केलं. विंडोजवर संगीत करणाऱ्यांचं लाडकं, पुढे त्याचं नाव सोनार झालं. आधी त्यात रोलँडनं हिस्सा घेतला आणि २०१३ मध्ये गिब्सननं. गिब्सन म्हणजे गिटारवाले.

गिब्सनचा इतिहास असा की १९९८ मध्ये त्यांनी ओपकोड नावाची नामांकित म्युझिक सॉफ्टवेअर कंपनी घेतली होती आणि वर्षभरात तिचं काम थांबलं. तरी लोकांना वाटलं, यावेळी नीट होईल. २०१६ मध्ये केकवॉकनं जाहीर केलं: एकदा पैसे भरा, अपडेट आयुष्यभर फुकट. बऱ्याच लोकांनी भरले. नोव्हेंबर २०१७ मध्ये गिब्सननं सांगितलं की केकवॉकचं काम बंद. त्यांना फिलिप्स ब्रँडच्या हेडफोन-स्पीकरसारख्या वस्तूंवर लक्ष द्यायचं होतं. मे २०१८ मध्ये गिब्सननं स्वतःच दिवाळखोरीचा अर्ज केला.

म्हणजे लाइफटाइम होता, पण प्रॉडक्टचा. तुमचा नव्हे.

फेब्रुवारी २०१८ मध्ये सिंगापूरच्या बँडलॅबनं केकवॉक उचललं आणि दोन महिन्यांत ते चक्क फुकट दिलं. हेच ते तुमच्या फोनमधलं बँडलॅब. लोक आनंदात. मग २०२३ मध्ये कंपनीनं नवं सोनार जाहीर केलं आणि फुकटचं जुनं व्हर्जन पुढे थांबणार हेही सांगितलं. यात लबाडी आहे असं मी म्हणत नाही, कंपनी चालवायला पैसा लागतो. पण वापरणाऱ्यानं एवढं धरून चालावं की फुकटचा काळ हासुद्धा एक काळच असतो.

नेमकं अडकतं काय?

आता इंजिनिअरची बाजू. सॉफ्टवेअर मेलं की तुमचं गाणं तीन ठिकाणी अडकू शकतं.

एक: प्रोजेक्ट फाइल. तुमचं गाणं म्हणजे एमपी-थ्री नाही. ते झालं शिजवून वाढलेलं ताट. प्रोजेक्ट म्हणजे स्वयंपाकघर: कुठला ट्रॅक कुठे, किती आवाज, कुठला इफेक्ट. बहुतेक डॉ हे सगळं स्वतःच्या खासगी भाषेत लिहितात, जी दुसऱ्या डॉला वाचता येत नाही. सॉफ्टवेअर गेलं की ताट राहतं, स्वयंपाकघराला कुलूप लागतं.

दोन: परवानगीचा सर्व्हर. तुम्ही पैसे भरलेत का, हे सॉफ्टवेअर कंपनीच्या कॉम्प्युटरला विचारतं. तो कॉम्प्युटर बंद झाला की नव्या लॅपटॉपवर तुमची विकत घेतलेली प्रतही उघडत नाही. फिनाले या नोटेशन सॉफ्टवेअरचं उदाहरण घ्या. ऑगस्ट २०२४ मध्ये, ३५ वर्षांनंतर, मेकम्युझिकनं ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. सुरुवातीला म्हणाले, वर्षभरानंतर नव्या मशीनवर ॲक्टिव्हेट करता येणार नाही. लोक इतके भडकले की हा निर्णय त्यांना लगेच मागे घ्यावा लागला. ओरडण्याचा उपयोग होतो, बरं का!

तीन: प्लगइन. डॉच्या आत बसवायची छोटी सॉफ्टवेअर. कुणी तंबोऱ्याचा आवाज देतं, कुणी देवळातल्यासारखी घुमक देतं. यातली कितीतरी एक-दोन माणसांच्या कंपन्यांची असतात. ती कंपनी गेली की गाण्यातला तेवढाच आवाज मुका होतो. कॅमल ऑडिओचं अल्केमी बघा. २०१५ मध्ये ॲपलनं ती कंपनी घेतली आणि अल्केमी लॉजिकच्या आत गेलं. लॉजिकवाल्यांना ते फुकट मिळालं, विंडोजवाल्यांना नवी आवृत्ती कायमची बंद.

फोनवर तर आणखी सोपं आहे. ॲप स्टोअरमधून गेलं आणि तुम्ही फोन बदललात, की विषय संपला. अँड्रॉइडवर ॲप अनइन्स्टॉल केलं की त्याच्या खासगी फोल्डरमधलं सगळं पुसलं जातं. म्हणून 'स्टोरेज फुल'चा मेसेज आला की आधी एक्सपोर्ट, मग डिलीट.

न विकलेले आणि विकून शहाणे झालेले

एक माणूस मला फार आवडतो: जस्टिन फ्रँकेल. आपल्या दादा-ताईंच्या पिढीनं ज्या विनॅम्पवर गाणी ऐकली, ते त्यानं केलं. १९९९ मध्ये त्याची कंपनी एओएलनं घेतली. २००० मध्ये त्यानं आणि सहकाऱ्यानं न्यूटेला हे फाइल शेअर करायचं सॉफ्टवेअर बाहेर सोडलं, आणि मालक कंपनीनं ते लगेच खाली उतरवायला लावलं. २००४ मध्ये तो बाहेर पडला आणि त्यानं रीपर हा डॉ बनवला. छोटी टीम, साधी वेबसाइट, वैयक्तिक लायसन्स ६० डॉलर. जुनी व्हर्जन्स अजूनही डाउनलोड करता येतात. आणि त्याची प्रोजेक्ट फाइल साधी टेक्स्ट फाइल आहे. नोटपॅडमध्ये उघडा, वाचता येते! उद्या रीपर बंद पडलं तरी माझ्यासारखी कुणीतरी बसून ती फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरसाठी बदलून देऊ शकेल.

दुसरं, एफएल स्टुडिओ. बेल्जियमची इमेज-लाइन, १९९७ मध्ये फ्रूटीलूप्स नावानं सुरू. एकदा घ्या, पुढची सगळी अपडेट फुकट, हे वचन त्यांनी आजवर पाळलंय. केकवॉकचं आणि यांचं वचन जवळपास सारखंच. फरक एवढाच की ते पाळायचं की नाही, हे ठरवणारा मालक मधेच बदलला नाही.

आणि काही गोष्टी कुणाच्या मालकीच्या उरतच नाहीत. म्युझिकएक्सएमएल हे स्वरलिपीचं फॉरमॅट रेकॉर्डेअर नावाच्या छोट्या कंपनीनं काढलं. २०११ मध्ये ते फिनालेवाल्या मेकम्युझिकनं विकत घेतलं. पण २०१५ मध्ये ते डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या खुल्या गटाकडे सोपवलं गेलं. त्यामुळे २०२४ मध्ये फिनाले बंद झालं, तेव्हा लोकांना आपलं काम त्याच फॉरमॅटमधून दुसरीकडे नेता आलं. विकणारी, घेणारी, बंद करणारी, सगळ्या कंपन्यांपेक्षा खुलं फॉरमॅट जास्त टिकलं. डॉसाठीही आता असे प्रयत्न आहेत: बिटविग आणि प्रीसोनस यांनी २०२३ मध्ये डॉप्रोजेक्ट नावाचं खुलं फॉरमॅट आणलं.

मग आपण काय करायचं?

घाबरून ॲप बदलायची गरज नाही. जे हाताला बसलंय तेच वापरा. फक्त गाणं पूर्ण झालं की ही पाच कामं करा.

१. प्रत्येक ट्रॅक वेगळा एक्सपोर्ट करा, वेव्ह फॉरमॅटमध्ये. आवाज वेगळा, ढोलकी वेगळी, बेस वेगळा. याला स्टेम्स म्हणतात. सगळे ट्रॅक शून्य सेकंदापासून सुरू होतील असे काढा, म्हणजे कुठल्याही डॉमध्ये टाकले की आपोआप जुळतात.

२. कीबोर्डवर वाजवलेलं मिडी फाइल म्हणून काढा. मिडी १९८३ पासून आहे आणि अजूनही सगळीकडे चालतं.

३. एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा: टेम्पो किती, पट्टी कुठली, कुठलं प्लगइन वापरलं. कंटाळवाणं आहे, पण पाच वर्षांनी स्वतःला दुवा द्याल.

४. हे सगळं ॲपच्या बाहेर दोन ठिकाणी ठेवा. एक ड्राइव्ह, एक पेनड्राइव्ह, काहीही चालेल.

५. 'लाइफटाइम' दिसलं की घाई करू नका. आज जे मिळतंय तेवढ्याचीच ही किंमत योग्य वाटते का? वाटत असेल तर घ्या. पुढचं मिळालं तर बोनस.

आणि एक सहावं, जमलं तर. तुम्ही रोज रियाझाला तानपुऱ्याचं ॲप लावता, किंवा छोट्या टीमचं एखादं प्लगइन वापरता, तर त्यांना पैसे द्या. मोडकं मिळतंय म्हणून घेऊ नका, चांगला रिव्ह्यू लिहा, बग सापडला तर शिव्या न घालता कळवा. वर थकव्याबद्दल बोलले ना, तो यानं थोडा कमी होतो.

आपल्याकडे बंदिशी वहीतून वहीत उतरवल्या गेल्या, तोंडातून कानात गेल्या. वही फाटली तरी बंदिश राहिली, कारण ती एकाच वहीत नव्हती. तुमच्या गाण्यासाठीही तेवढंच करायचंय. आज रात्री तुमचं सगळ्यात आवडतं एक गाणं उघडा, त्याचे स्टेम्स काढा आणि ॲपच्या बाहेर ठेवा. कुठल्या बटणात अडकलात तर कमेंटमध्ये ॲपचं नाव लिहा, मी उत्तर देते.

भेटू पुढच्या भागात!